रात्रशाळेतला प्रौढ विद्यार्थी अडकतोय? आधी आपल्या या चुका तपासा

आमच्या वर्गात एक वॉचमन दादा यायचे. वय पंचेचाळिशीच्या पुढे, बोलण्यात पक्के. कुठली गाडी कुठल्या फ्लॅटची हे सगळं तोंडपाठ. पण पहिले तीन महिने रोज चष्मा घरी विसरायचे. दोनदा मी हसून सोडून दिलं, तिसऱ्यांदा जरा खोचकच बोलले. पुढे कधीतरी ते पाणी प्यायला वाकले आणि शर्टाच्या खिशातून चष्मा खाली पडला.

चष्मा रोज खिशातच होता. फळ्यावरचं वाचायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच तो 'घरी राहायचा'.

'लक्ष देत नाहीत' असं ठरवून टाकणं

विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेल्या माणसाची बुद्धी शाबूत असते, कान-डोळेही ठीक असतात. अडतं ते अक्षरं, आवाज किंवा आकडे यांची सांगड घालताना. लहानपणी याला कुणी नाव दिलेलं नसतं. 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेलं असतं आणि चौथी-पाचवीत शाळा सुटलेली असते. पुढची तीस वर्षं माणूस लपवायला शिकतो. 'हात दुखतोय', 'तुम्हीच लिहा ना साहेब', 'फॉर्म घरी नेऊन भरतो' ही त्याची रोजची वाक्यं.

उलटी चूकही होते. एखादं शिबिर करून आलेल्या शिक्षकाला सगळेच डिस्लेक्सिक (म्हणजे वाचनात अडणारे, याच अक्षमतेचा एक प्रकार) दिसायला लागतात. म्हणून आधी साध्या गोष्टी बघा. चाळिशीचा चष्मा लागलाय का? नीट ऐकू येतं का? बारा तासांची ड्युटी करून आलेत का? शाळेचं तोंडच पाहिलेलं नाही, असं तर नाही? कधीच न शिकलेला माणूस शिकवल्यावर सहसा हळूहळू पुढे सरकतो. काल आलेलं अक्षर आज पुन्हा अनोळखी, असं महिनोन्महिने चाललं असेल, तर मात्र शिकवण्याची पद्धत बदलायची वेळ आली.

दहा वेळा गिरवायला लावणं

आपला सगळ्यात लाडका उपाय. मीही वह्याच्या वह्या भरून घेतल्या. अक्षर वळणदार झालं, पण वाचता काही येईना. कारण माणूस चित्र काढावं तसं अक्षर काढतो, त्याचा आवाज त्या चित्राला चिकटतच नाही. एकदा ओळीच्या मध्येच थांबवून 'हे काय लिहिलंत?' असं विचारून बघा.

त्याऐवजी आवाजापासून सुरुवात करा. चार-पाचच अक्षरं घ्या आणि त्यांतूनच शब्द बनवा. ताटलीत रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. व-ब, घ-ध, म-भ या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावर दोन आठवड्यांनी दुसरं.

पहिल्या वेलांटीचा घोळ तर खास आपल्या लिपीचा. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह कष्टाने लावणाऱ्याची इथे दांडी उडते. मी व्यंजन निळ्या पेनाने आधी लिहून घेते, वेलांटी नंतर लाल पेनाने. वाचतानाही 'आधी निळं, मग लाल'. एवढ्याने सगळं सुटत नाही, पण चिडचिड कमी होते.

आकड्यांचा घोळ कागदावर शोधणं

वॉचमन दादांना गेटवरच्या रजिस्टरसाठी बोलणी बसत होती. लोक फोन नंबर सांगायचे 'पंचवीस, त्रेसष्ट', आणि ते लिहायचे ५२, ३६. कॉपी करायला दिलं की बरोबर यायचं. म्हणजे दोष डोळ्यांत नव्हता, कानावर पडणाऱ्या शब्दांत होता. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. एकोणतीसमध्ये तर नऊ कुठे ऐकूच येत नाही! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढी टिंगल झाली होती. मीही त्यात होते. वर्गात या दादांना बघितल्यावर माझं मत बदललं.

उपाय साधा निघाला: 'एकेक आकडा सांगा.' शिवाय पुठ्ठ्यात एक खाच कापून दिली, म्हणजे पडताळताना एका वेळी एकच आकडा दिसतो. हिशेब शिकवताना खऱ्या नोटा आणि चिल्लर वापरा. घरकामाच्या मावशी सहा घरांचे खाडे न लिहिता लक्षात ठेवतात. गणित त्यांना येतं, अडतं ते कागदावर.

बारीकसारीक चुका: पन्नाशीच्या माणसाला 'कमळ बघ, बदक बघ' देणं (त्यापेक्षा बसची पाटी, औषधाची पट्टी, लाइटबिल द्या). सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावणं. शिक्षक पंचविशीचा असताना विद्यार्थ्याला अरे-तुरे करणं. ही शेवटची तर अक्षम्यच.

कागदपत्रं जानेवारीत आठवणं

दहावीला बसायचं असेल, तर हे जूनमध्येच हातात घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. तिचं प्रमाणपत्र असेल, तर लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ अशा सवलती मिळू शकतात. पण त्यासाठी शाळेमार्फत आधी अर्ज करावा लागतो, परीक्षेच्या हॉलवर जाऊन सांगितलं तर काही होत नाही.

अडचण अशी की तपासणीच्या बहुतेक चाचण्या शाळकरी मुलांसाठी बेतलेल्या आहेत. म्हणून दवाखान्यात विद्यार्थ्याला नुसतं पाठवू नका. मोठ्या माणसांची तपासणी करता का, हे आधी फोन करून विचारा. नाहीतर एक दिवसाचा पगार बुडतो आणि माणूस पुन्हा वर्गात येत नाही. जुना शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या वह्या, तुमच्या नोंदी सोबत द्या.

सगळे विषय एकदम झेपत नसतील, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा रस्ता आहे. तिथे नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय सुटे सुटे काढता येतात.

आणि विचारल्याशिवाय कुणालाही तपासणीच्या रांगेत उभं करू नका. मी वॉचमन दादांना प्रमाणपत्राचं सुचवलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, दहावीचं पुढच्या वर्षी बघू. कागदाचंही तेव्हाच. आधी ते रजिस्टर पुरं शिकवा." आता वर्गात रोज अर्धा तास रजिस्टर चालतं. आत आल्याची वेळ, नाव, गाडी नंबर, फ्लॅट. सही करताना ते चष्मा लावतात.