मानसिक आजारांबद्दलचा कलंक कमी करणारं सत्र कसं घ्यावं?

जनजागृती म्हटलं की साचा ठरलेला असतो: तज्ज्ञाचं व्याख्यान, आकडेवारी, आभार. ऐकणाऱ्यांना नैराश्याची लक्षणं पाठ होतात, पण 'स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती शेजारी राहायला आली तर चालेल का?' या प्रश्नाचं उत्तर तेच राहतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. प्रौढांच्या बाबतीत, नुसत्या माहितीपेक्षा आजारातून गेलेल्या व्यक्तीशी झालेली भेट जास्त परिणाम करते असं त्यात दिसलं, आणि व्हिडिओपेक्षा समोरासमोरची भेट सरस ठरली. किशोरवयीन मुलांमध्ये मात्र माहितीचा परिणाम अधिक होता. म्हणजे शाळेसाठीचा आराखडा कार्यालयात जसाच्या तसा वापरू नका.

आधी गट ठरवा. 'सर्वांसाठी खुलं' सत्र टाळा, कारण तिथे आधीपासून सहानुभूती असलेलेच येतात. एकाच कामातली २० ते २५ माणसं घ्या: पर्यवेक्षक, शिक्षक, परिचारिका, घरमालक. त्यांच्या हातात काय आहे ते पाहून एकच अपेक्षित बदल लिहून काढा. पर्यवेक्षकांसाठी, उदाहरणार्थ: 'उपचारांच्या रजेवरून परतलेल्या कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय हलकं काम द्यायचं नाही.' 'संवेदनशील व्हा' हे उद्दिष्ट होऊ शकत नाही.

वक्ता निवडणं हा सगळ्यात नाजूक भाग. प्रकृती सध्या स्थिर असलेली, स्वतःहून तयार झालेली आणि शक्यतो श्रोत्यांच्याच पेशातली व्यक्ती हवी. प्रसिद्ध किंवा असामान्य यश मिळवलेली व्यक्ती बोलावली की श्रोते म्हणतात, 'त्यांची गोष्ट वेगळी', आणि मत जागच्या जागी राहतं. नुकत्याच रुग्णालयातून आलेल्या व्यक्तीला उभं करू नका, कितीही उत्साह असला तरी. सत्राआधी दोनदा भेटा. काय सांगायचं नाही ते पहिल्या भेटीतच ठरवा: घरच्यांची नावं, औषधांचे डोस, स्वतःला इजा करण्याची पद्धत. सत्राच्या दिवशी सकाळीसुद्धा नकार देण्याची मुभा द्या, मानधन द्या आणि कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी फोन करा.

बोलणं १५ मिनिटांचं. आजाराला ५, मदत कशी मिळाली आणि काय उपयोगी पडलं याला ५, आजच्या कामाधामाला ५. हे प्रमाण बिघडतं ते नेहमी एकाच बाजूला: आजाराचं वर्णन लांबतं, नाट्य वाढतं, आणि लोक दया घेऊन घरी जातात. दयेने अंतर कमी होत नाही.

संपूर्ण सत्र ७५ मिनिटांचं ठेवा. खुर्च्या गोल मांडा, मंच नको. पहिली ५ मिनिटं निनावी प्रश्नावली, मग अनुभवकथन, २५ मिनिटं प्रश्नोत्तरं, २० मिनिटं छोट्या गटांत खऱ्या प्रसंगांचा सराव, शेवटी मदतीची माहिती. प्रश्न चिठ्ठीवर घ्या. तोंडी विचारायला सांगितलं तर फक्त सभ्य प्रश्न येतात.

चिठ्ठ्यांमध्ये तीन प्रश्न हमखास असतात. 'हे लोक हिंसक असतात का?' बहुसंख्य नसतात. उलट गंभीर मानसिक आजार असलेल्यांवरच हिंसाचार होण्याचा धोका जास्त असतो. 'औषधांची सवय लागते का?' इथे सरसकट 'नाही' म्हणू नका. नैराश्यावरच्या औषधांचं व्यसन लागत नाही, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मात्र ती अचानक बंद केल्यास त्रास होतो. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांची सवय खरोखर लागू शकते. 'आत्महत्येबद्दल विचारलं तर ते डोक्यात भरतं का?' नाही. थेट विचारावं, आणि उत्तर 'हो' आलं तर त्या व्यक्तीला एकटं न सोडता तातडीची मदत मिळवावी.

'हा मेंदूतला रासायनिक बिघाड आहे' हे वाक्य चांगल्या हेतूने वापरलं जातं. त्याने दोष देणं कमी होतं, पण 'मग हा कधीच बरा होणार नाही' ही समजूत वाढू शकते. कारणांपेक्षा उपचार आणि सुधारणेवर जास्त वेळ द्या. शब्दांचंही तसंच: 'सायको', 'वेडा' हे शब्द का दुखावतात ते दोन मिनिटांत सांगा आणि पुढे चला. तासभर शब्द दुरुस्त करत बसलात तर लोक बोलायचेच थांबतात.

सत्र संपल्यावर कुणीतरी हळूच जवळ येतंच. त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक शेजारच्या खोलीत अर्धा तास थांबलेला असावा.

प्रश्नावलीत माहितीऐवजी वागणं विचारा: अशा व्यक्तीसोबत काम कराल का, घर भाड्याने द्याल का, स्वतःला त्रास झाला तर कुणाला सांगाल. तेच प्रश्न सत्रानंतर लगेच आणि तीन महिन्यांनी पुन्हा द्या. लगेच मिळालेले आकडे जवळपास नेहमीच चांगले येतात, त्यावर अहवाल लिहू नका. तीन महिन्यांनी घसरण दिसली तर त्याच गटासोबत, शक्य झाल्यास दुसऱ्या वक्त्याला घेऊन, पुन्हा बसा.