टीमने सायकल रेस करताय? मग या चुका टाळा

बऱ्याच टीम अशा असतात की सगळ्यांची जर्सी एक, फोटो एकत्र, आणि रेस सुरू झाली की जो तो आपापला. मग शेवटी नंबर येतात आठवा, बारावा, पंधरावा आणि सगळे एकमेकांना विचारत बसतात की अरे एवढे फिट असून झालं काय. तर रोड रेस एकच जण जिंकतो, बाकीच्यांनी त्याच्यासाठी वारा अंगावर घ्यायचा असतो. चाळीसच्या स्पीडला सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि पुढच्याच्या चाकाला नीट चिकटून बसलं तर साधारण एक तृतीयांश ताकद वाचते, टीमचं सगळं गणित याच्यावर उभं आहे.

त्यामुळे कोणासाठी खेळायचं हे आदल्या रात्रीच ठरवा. शेवट सपाट असेल तर स्प्रिंटर, चढ असेल तर चढावरचा माणूस, आणि तो ढेपाळला तर दुसरा कोण हेही.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो या चुकीने: आपला माणूस पुढे ब्रेकमध्ये, म्हणजे ग्रुप सोडून निसटलेल्यांत, गेलाय आणि मागे ग्रुपच्या तोंडाशी येऊन त्याला पकडायला जोर लावतोय कोण, तर आपलाच माणूस! पाय चांगले चालत असतात, मोह होतो, कळतं मला. पण तेव्हा तुम्ही दुसऱ्या तिसऱ्या नंबरवर नुसतं बसायचं, दुसऱ्या टीमचा कोणी सुटला तर त्याच्या चाकाला लागायचं आणि त्याच्यासाठी एकही टर्न (पुढे येऊन वारा कापायची पाळी) घ्यायचा नाही. ओढायचं काम ज्यांचा माणूस पुढे नाही त्यांचं.

आता लाईन तुटण्याबद्दल. पुढे जोरात चाललंय पण मागचे दोघं सारखे सुटतायत, असं होत असेल तर दोष बहुतेक वेळा मागच्यांचा नसतो. टर्न आला की माणूस उत्साहात ३८ वरून ४२ वर जातो, तिथे गॅप पडते, ती भरायला मागचे स्प्रिंट मारतात आणि चार टर्नमध्ये संपतात. पुढे येण्याआधी मीटर बघा, तोच स्पीड धरा. ज्याच्यात दम जास्त त्याने टर्न लांब घ्यायचा, फास्ट नाही. ज्याचे पाय गेलेत त्याने टर्न सोडून मागे बसावं, यात लाज कसली? टीम परस्यूटमध्ये (ट्रॅकवरची टीमची शर्यत) चौघं धावतात आणि वेळ तिसऱ्याची धरतात, म्हणजे एकटा पुढे पळून काहीच मिळत नाही.

वारा बाजूने असेल तर सरळ मागे बसून उपयोग नाही, तिरकी लाईन करा, आणि टर्न संपवून बाजूला होणारा वाऱ्याच्या बाजूने मागे येईल. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच आडोशाला राहतात, म्हणून ज्या वळणानंतर वारा बाजूने लागणार त्याच्या आधीच पुढे या.

मान खाली घालून चालवू नका. टोकियो ऑलिम्पिकच्या टीम परस्यूटमध्ये डेन्मार्कचा पुढचा रायडर मान खाली घालून सुसाट येत होता आणि आपल्या टीमपासून सुटलेल्या ब्रिटनच्या रायडरवर मागून जाऊन आदळला.

पुढे किती जण आहेत हे मोजायला एक माणूस नेमा. त्याच ऑलिम्पिकच्या महिला रोड रेसमध्ये नेदरलँड्सच्या चार तगड्या रायडर होत्या, पण टीमशी बोलायच्या रेडिओला परवानगी नव्हती, आणि ऑस्ट्रियाची ॲना कीझेनहोफर सुरुवातीलाच ब्रेकमध्ये गेली होती ती शेवटी एकटीच सोनं घेऊन गेली. ७५ सेकंदांनी मागून आलेल्या ॲनेमीक व्हॅन फ्लॉयटनने जिंकलो समजून हात वर केले होते. तो क्षण बघताना आजही पोटात तुटतं.

लीडआऊट, म्हणजे शेवटी आपल्या स्प्रिंटरला मागे घेऊन ओढणं, लवकर सुरू करू नका. दोनच माणसं असताना दोन किलोमीटर आधीपासून ओढलं तर तुम्ही दुसऱ्यांच्या स्प्रिंटरला फुकट लिफ्ट देताय. स्प्रिंटर शेवटच्या दोनेकशे मीटरला बाहेर पडला पाहिजे, तिथून उलटं मोजत या. बाटल्या आणि खाणं पोहोचवणाऱ्याने आधी स्वतः खावं, हे नेहमी राहून जातं.

आणि बक्षिसाचे पैसे सगळ्यांत वाटायचे हेही आधीच बोलून घ्या, प्रो टीममध्ये तशीच पद्धत आहे, कारण ज्याने शंभर किलोमीटर वारा खाल्ला त्याचं नाव रिझल्टमध्ये कुठेतरी साठाव्या नंबरवर असतं.