रोगानंतर फिश टँक पुन्हा सुरू करताय? या चुका टाळा

टाकीतले मासे रोगाने मेले की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. टाकी अंगणात काढायची, खसाखसा घासायची, उन्हात वाळवायची आणि कुणी नागपूर-अमरावतीला जाणार असेल तर त्याच्याकडून नवे मासे मागवायचे. चार-सहा दिवस मासे छान फिरतात. मग एकेक करून पाण्याच्या वरच्या थराला येतात आणि तोंड उघडझाप करू लागतात. "जंतू गेलाच नाही" म्हणत टाकी पुन्हा घासली जाते. खरं तर बहुतेक वेळा जंतू गेलेला असतो, पण त्याच्यासोबत फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही गेलेले असतात. पहिल्या खेपेचे मासे रोगाने मेले, दुसऱ्या खेपेचे अमोनियाने मरतात. हे थांबवता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोग न ओळखताच टाकी मोडणे

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले असतील तर तो इक, म्हणजे परजीवीचा रोग. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा उतरला आणि टाकीत हीटर नसला की हा हमखास येतो. यासाठी टाकी मोडायची गरज नाही. हा परजीवी माशाशिवाय जगत नाही. अंगावरून सुटून तळाशी जातो, तिथे त्याची पिल्लं होतात आणि त्यांना दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. म्हणून औषध त्याच टाकीत, माशांसकट द्यायचं आणि ठिपके दिसेनासे झाले तरी काही दिवस चालू ठेवायचं. लोक ठिपके गेल्याबरोबर औषध थांबवतात आणि आठवड्यात रोग परत येतो.

तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा पांढरा थर दिसला की सगळे बुरशी समजतात. पुष्कळदा तो कॉलमनॅरिस असतो, म्हणजे जिवाणूचा रोग. उन्हाळ्यात पाणी तापलं की तो झपाट्याने पसरतो. इकसाठी पाणी गरम करतात तसं इथे केलं तर उलट मासे लवकर जातात.

टाकी पूर्ण रिकामी करून निर्जंतुक करायची ती तीन वेळा: कॉलमनॅरिसने टाकीतले सगळे मासे मेले असतील, कारण न कळता मासे मरतच राहिले असतील, किंवा माशांच्या क्षयाची शंका असेल. क्षयात मासा महिनोन्‌महिने खंगत जातो, पाठ वाकते, अंगावर जखमा होतात. याचा जिवाणू हातावरच्या जखमेतून माणसालाही लागतो, म्हणून अशी टाकी हातमोजे घालूनच हाताळा. नंतर हातावर न भरणारी गाठ किंवा फोड आला तर डॉक्टरांना घरात मासे आहेत हे आवर्जून सांगा. हा जिवाणू क्लोरीनला चिवट असतो. टाकी क्लोरीनने धुऊन झाल्यावर ७० टक्के स्पिरिटने काच आणि कोपरे पुसा, जवळपास चूल-दिवा नको.

घाणीवरच ब्लीच ओतणे

क्लोरीन आधी शेवाळ, विष्ठा, कुजलेलं खाद्य यांवर खर्च होतो आणि जंतूंपर्यंत पोचायला काही उरत नाही. म्हणून आधी घासून, धुऊन सगळा गाळ काढा. सिलिकॉनच्या कोपऱ्यात नखाने खरवडल्यावर हिरवट-तपकिरी लगदा निघतो, तो जुन्या टूथब्रशने काढायचाच. साबण, डिटर्जंट अजिबात नको, त्याचा अंश सिलिकॉनमध्ये आणि सांध्यांत राहतो.

बोअरच्या जड पाण्याने काचेवर पाण्याच्या रेषेला जो पांढरा थर चढतो, तो व्हिनेगरने निघतो. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच एकाच वेळी, एकाच बादलीत कधीही नाही. संडास साफ करायचं अ‍ॅसिड तर ब्लीचच्या आसपासही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. आधी व्हिनेगर, मग भरपूर पाण्याने धुणे, मगच ब्लीच, आणि तेही अंगणात.

गावात द्रव ब्लीच मिळत नसेल तर ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल, चालते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. उघड्या पिशवीत, दमट कोपऱ्यात पडून राहिलेली पावडर मेलेली असते, तिच्यावर विसंबू नका. लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने ६० लिटरच्या टाकीला ६० ग्रॅम लागेल. आधी प्लास्टिकच्या बादलीत कालवून ठेवा, तळाशी चुन्याचा साका बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत घेऊन टाकी काठोकाठ भरा. तासभर तसंच राहू द्या. जाळी, सायफनची नळी, प्लास्टिकची झाडं, झाकण, सगळं त्यातच बुडवा. हीटरचा प्लग आधी काढा आणि तो गार झाल्यावरच पाण्याबाहेर काढा.

फिल्टरचा स्पंज आणि कार्बन फेकून द्या. त्याच्या छिद्रांतून रोग काढत बसण्यापेक्षा नवा घेणं स्वस्त. खडी टिकवायची असेल तर पाण्यात घालून हळूहळू उकळा. दगड कोरडे आगीवर तापवू नका, आत पाणी मुरलेलं असेल तर ते फुटतात.

तापलेल्या काचेवर गार पाणी

वाळवणं फार उपयोगाचं आहे, आणि आपल्याकडचं ऊन त्यासाठी मोफत आहे. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत तापलेल्या टाकीत बोअरचं गार पाणी ओतलं की काच तडकते. टाकी सकाळच्या उन्हात, सपाट जागी, खाली थर्मोकोल घालून ठेवा. भरण्याआधी घरात आणून पूर्ण गार होऊ द्या.

वास येत नाही म्हणजे क्लोरीन गेला असं धरणे

नाकाला जाणवत नाही इतका क्लोरीनही माशांच्या कल्ल्यांना जाळतो. दोन-तीनदा धुवा, मग अँटी-क्लोरीन जास्त घालून पाणी भरून ठेवा आणि तेही ओतून द्या. खात्री करायची असेल तर गावच्या जलसुरक्षकाला विचारा. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे तो ओटी चाचणीने बघतो: नळीत पाणी, त्यात थेंब, आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. आपल्याला पिवळेपणाची छटाही नको. नळाचं पाणी पिण्यायोग्य ठरायला लिटरला ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन असावा लागतो, माशांना तेवढाही नको. आणि पावसाळ्यात ग्रामपंचायत अचानक टीसीएल वाढवते, त्या दिवशी टाकीचं पाणी बदलू नका.

त्याच दिवशी मासे सोडणे

सगळ्यात जास्त मासे इथे जातात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. नव्या स्पंजवर ते वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपल्याकडे अडचण जास्त आहे, कारण बोअरच्या पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की खारं हे सांगणारा आकडा, ७ म्हणजे मध्यम) अनेकदा ८ च्या पुढे असतो. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो. पीएच ८ आणि ३० अंशांना तो सात टक्क्यांच्या वर जातो. नदीच्या सौम्य पाण्यात निभावणारी चूक बोअरच्या पाण्यात निभावत नाही.

म्हणून फिल्टर चालू करा, चिमूटभर खाद्य रोज टाका आणि वाट बघा. टेस्ट किट मागवा. अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्यावर आले की मासे. घाई असेल तर ओळखीतल्या निरोगी टाकीतला जुना स्पंज आणा, पण तो त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून. फडक्यात गुंडाळून आणलेला, वाटेत वाळलेला स्पंज काही कामाचा नाही. तपकिरी मळ निघतोय म्हणून नळाखाली पिळूही नका, जे हवं आहे ते त्या मळातच आहे.

लाइन गेली की हेच जिवाणू गुदमरतात. बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये तासन्‌तास हवा नसली तर आतलं पाणी सडतं आणि लाइन आल्यावर तेच टाकीत येतं. अशा वेळी स्पंज काढून टाकीत मोकळा ठेवा. खेड्यात फिश टँक ठेवायचा तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मी हीटरच्याही आधी घेईन. तापलेल्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे ९ मिलीग्रॅम तर ३० अंशांना साडेसात.

जुनं पाणी नाल्यात, नवा मासा थेट टाकीत

रोगट पाणी आणि मेलेले मासे नाला, विहीर, तलाव यांत टाकू नका. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांचं पोट आहे. पाण्यात ब्लीच टाकून तासभर ठेवा, मग पडीक कोरड्या जागेत ओता. मेलेला मासा खोल पुरा. जिवंत मासे नको झाले तरी तलावात सोडायचे नाहीत, विशेषतः काच साफ करणारा सकर मासा. तो तिथे वाढतो आणि आपल्या माशांची जागा खातो.

नवे मासे, मग ते दुकानातले असोत की आरोग्य खात्याच्या पैदास केंद्रातून आणलेले गप्पी, आधी वेगळ्या टबात तीन-चार आठवडे ठेवा. त्या टबाची जाळी वेगळी, नळी वेगळी, आणि काम रोज आधी मुख्य टाकीचं, मग टबाचं. दुकानाच्या पिशवीतलं पाणी टबातही ओतायचं नाही, मासा जाळीने उचलून घ्यायचा.