शेपटी कापण्याआधी

फ्यूजनमध्ये, म्हणजे अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या संशोधनात, येणाऱ्या बहुतेकांना ओढ असते ती प्लाझ्माच्या गाभ्याची. दहा कोटी अंशांच्या पुढचं तापमान, सगळा झगमगाट तिथलाच. मला काम मिळालं ते कडेच्या प्लाझ्मावर (आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या तप्त वायूवर), भिंतीलगतच्या काही सेंटिमीटरांच्या पट्ट्यात. पहिला महिना मी तोंड पाडूनच काढला.

माझ्या वाट्याला लँगम्यूर प्रोब होता. प्लाझ्मात एक छोटं ग्राफाइटचं टोक घालायचं, त्याचा व्होल्टेज फिरवायचा आणि प्रवाह मोजायचा. त्यातून आयनांचा प्रवाह वजा करून उरलेल्याचा लॉग मांडला की सरळ रेष यावी. तिच्या चढावरून इलेक्ट्रॉनांचं तापमान निघतं. माझी रेष मात्र ऋण व्होल्टेजकडे वाकून जवळजवळ आडवी व्हायची. तेवढी शेपटी 'नॉइज' म्हणून मी कापायचो. उत्तर यायचं २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (आम्ही तापमान आणि ऊर्जा दोन्ही याच एककात मोजतो), आलेखही देखणा दिसायचा.

गटाच्या बैठकीत एका सीनियरने एवढंच विचारलं, "तापमान २०, मग फ्लोटिंग पोटेन्शियल इतकं खाली कसं?" मी गप्प.

ड्यूटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) प्लाझ्मात फ्लोटिंग पोटेन्शियल, म्हणजे प्रोबमधला निव्वळ प्रवाह शून्य होतो तो व्होल्टेज, प्लाझ्माच्या पोटेन्शियलपेक्षा तापमानाच्या साधारण तिप्पट खाली असतं. म्हणजे २० ला ६० व्होल्ट. आता शंभरातले दोन इलेक्ट्रॉन ४०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमानाचे धरा आणि हिशेब स्वतः करून बघा, अर्धं पान पुरतं. ते ६० चे दोनशेच्या पुढे जातात, कारण वेगवान इलेक्ट्रॉनांना थोपवायला पृष्ठभागाला तितकं जास्त ऋण व्हावं लागतं. आणि तोच व्होल्टेज आयनांना भिंतीवर आपटतो. टंगस्टनचा अणू उखडायला ड्यूटेरियमच्या आयनाला दोनशे इलेक्ट्रॉन-व्होल्टहून थोडी जास्त ऊर्जा लागते. भिंत का झिजते याचं उत्तर ज्या शेपटीत असू शकतं, तीच मी कापत होतो!

हे इलेक्ट्रॉन येतात कुठून? एक ओळखीचं ठिकाण म्हणजे प्लाझ्मात विद्युतप्रवाह चालवणाऱ्या लोअर हायब्रिड लहरींचा अँटेना. त्याच्या अगदी तोंडाशी, अतिसूक्ष्म तरंगलांबीच्या घटकांमुळे कडेचे इलेक्ट्रॉन शेकडो ते हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोचतात. फ्रान्सच्या तोर सुप्रा टोकामॅकमध्ये (चुंबकांनी प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या यंत्रात) चुंबकीय रेषांनी अँटेनाशी जोडलेल्या भागांवर यामुळे तापलेले ठिपके दिसले होते. डिसरप्शनमधले, म्हणजे प्लाझ्मा अचानक कोसळतो तेव्हाचे, रनअवे इलेक्ट्रॉन वेगळे, त्यांची ऊर्जा दहा लाखांपासून काही कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत. मुलाखतीत या दोघांची गल्लत करू नका, हमखास विचारतात.

पण शेपटी दिसली की लगेच नाचायचंही नाही. प्रोब जास्त ऋण केला की त्याभोवतीचं शीथ (पृष्ठभागालगतचा विद्युतभारित पातळ थर) फुगतं आणि आयनांचा प्रवाह स्थिर न राहता वाढत जातो. तुम्ही ठोकळ स्थिर आकडा वजा केलात, तर खोटी शेपटी तयार होते. मी उलट्या दिशेने हीही चूक केली आहे, पूर्ण दोन आठवडे. म्हणून आयनांचा फिट दोन-तीन तऱ्हांनी बदलून पाहा, अँटेना बंद असतानाचा शॉट (यंत्राची एक फेरी) शेजारी ठेवा, जमलं तर रिटार्डिंग फील्ड अॅनालायझरने (कणांना ऊर्जेनुसार गाळणाऱ्या उपकरणाने) ताडून घ्या. भिंतीतून बाहेर पडणारे दुय्यम इलेक्ट्रॉन शीथचा व्होल्टेज कमी करतात, तेही हिशेबात धरा.

माझ्या त्या 'देखण्या' २० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फाइली मी जपून ठेवल्या आहेत. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी त्याच देतो आणि फिट करायला सांगतो. बहुतेक जण शेपटी कापतात.