तोडलेली कॉफी रात्रभर ढिगात ठेवू नका

चिकमगळूर-कोडगूच्या हजार मीटरवरच्या मळ्यांत अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी चालते. नेमकं याच दिवसांत बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा घाटावर ढग आणून सोडतो. नॅचरलचा, म्हणजे सालासकट अख्खं फळ वाळवायचा, माल याच दिवसांत हातचा जातो, पण पावसापेक्षा ढिगामुळे जास्त.

संध्याकाळी मजूर दमलेले असतात. पोती शेडमध्ये टेकवली जातात, ‘सकाळी पसरू’. पिकल्या फळात 60-65 टक्के पाणी, वर गोड चिकट गर. पोतं रात्रीत आतून तापतं. सकाळी फळ लालबुंदच दिसतं, कपात मात्र कुबट दारूचा वास येतो. तेव्हा बल्ब लावून का होईना, त्याच संध्याकाळी पसरा. जागा नसेल तर वाळवणीच्या जाळीवर मावेल तेवढंच तोडा.

कॉफी बोर्ड चेरीसाठी (सालासकट वाळवायच्या फळासाठी) साधारण 8 सेंटीमीटरचा थर सांगतं. कडक उन्हाच्या खळ्यावर ते ठीक. धुक्याच्या उतारावर पहिले चार दिवस मी दोन फळांपेक्षा जाड थर देत नाही. हा माझा अंदाज, पण थरात हात घालून पाहा: ऊब लागली की ढीग झालाच म्हणून समजा. दिवसा तासातासाला परता. ताडपत्री फळांवर थेट टाकू नका, वर कमान करा, कडेने वारा खेळू द्या. चिखलदऱ्याच्या कॉफीवाल्यांनी थंडीतलं दवही धरून चालावं.

पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवसाची तोडणी पल्पिंगला, म्हणजे यंत्राने साल काढायला, द्या. साल निघालेला माल लवकर वाळतो. नॅचरलचा हट्ट त्या आठवड्यात नको.

सध्या दुकानदार फळ आंबवायला यीस्टच्या पुड्या आणि हवाबंद पिंपं गळ्यात मारतायत. वाळवण जमत नसताना पिंप घेणं म्हणजे झाकण लावलेला ढीगच. पैसे घालायचेच तर ओलावा मोजायच्या यंत्रात घाला.

बाकीची कामं:
– फक्त पूर्ण पिकलेली फळं; पाण्यात तरंगणारी वेगळी
– पांढरा खोडकिडा: किडलेलं झाड उपटून जाळा, खोड व जाड फांद्यांवर 10 टक्के चुना
– फळ पोखरणारा भुंगेरा: गळलेली फळं वेचा, किडकी फळं उकळत्या पाण्यात 2-3 मिनिटं
– तांबेरा: तोडणीनंतर, फुलोऱ्याआधी बोर्डो 0.5 टक्के (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 200 लिटर)

फळ सुकून खारकेसारखं झालं, मुठीत हलवल्यावर खुळखुळलं की मगच रात्री गोळा करून झाका. यंत्रावर ओलावा 12 टक्क्यांवर आल्याशिवाय पोत्यात भरू नका. अर्धवट वाळलेल्या चेरीत बुरशी धरते आणि तिचं विष भाजूनही पुरतं जात नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर, खताच्या गोण्यांपासून त्याहून दूर.