शिकायला स्वस्तातली जुनी गिअरची गाडी: पुण्यात बघताना काय काय तपासायचं

क्लास झाला, लायसन पण हातात आलं, तरी संध्याकाळी सिंहगड रोडला गाडी काढायची म्हटलं की पोटात गोळा येतो, असे कित्येक जण आहेत, कारण क्लासच्या गाडीत शेजारच्या सरांच्या पायाखाली पण क्लच-ब्रेक असतो आणि अर्धी गाडी तेच चालवत असतात. म्हणून वर्षभर बिनधास्त वापरायला एक स्वस्त जुनी गाडी घ्यायची, हा विचार चांगलाच आहे. फक्त बघायची नजर बदला. रंग, म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील ह्यांना शून्य मार्क. बंपरवर चार ओरखडे असतील तर उलट बरंच, पाचवा तुम्ही मारलात तरी कोणी रडणार नाही. सगळं लक्ष क्लच, गिअर, ब्रेक आणि कागदांवर ठेवायचं.

आधी मॉडेल ठरवा

छोटी पेट्रोल गाडी घ्या. ऑल्टो, वॅगन आर, जुनी सँट्रो, आय टेन, ह्यांच्या पलीकडे फार जायची गरज नाही, कारण ह्यांचे पार्ट कुठेही मिळतात आणि गल्लीतला मेकॅनिक डोळे झाकून खोलतो. ऑल्टोत ७९६ सीसीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका लयीत फिरवणारा रबरी पट्टा) असतो, ऑल्टो के टेनच्या ९९८ सीसीवाल्याला त्याच्या जागी चेन. बेल्टवाली घेतलीत तर बेल्ट कधी बदललाय ते विचारा, बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरून चाला. वॅगन आरमध्ये उंच बसायला मिळतं, पुढचं नीट दिसतं, नवशिक्याला त्याचा फार आधार वाटतो.

पॉवर स्टिअरिंग आहे का हे आवर्जून बघा. बऱ्याच जुन्या बेसिक ऑल्टोंना नसतं आणि नारायण पेठेत दोन गाड्यांच्या मधे पार्क करताना दंड भरून येतात. डिझेल नको. डिझेल इंजिनाला खालच्या आरपीएमला जोर जास्त असतो, क्लच चुकला तरी गाडी सावरून घेते, मग पाय तयार होत नाही, आणि जुन्या डिझेलचा इंजेक्टरचा खर्च निघाला तर संपलंच. मारुती ८०० वर जीव असेल तर ठीक आहे, पण तिचं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीलाच बंद झालंय, त्यामुळे हातात येणारी बहुतेक गाडी पंधरा वर्षांच्या पुढचीच असणार, आणि पंधरा झाली की आरटीओत रीपासिंग (रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण), फिटनेस आणि वर पर्यावरण कर. तेही पुढच्या पाचच वर्षांसाठी.

बजेट दीड लाख असेल तर गाडी सव्वा लाखाच्या आतली बघा, उरलेले टायर, बॅटरी, ऑइल आणि क्लचला लागतात. सगळे पैसे गाडीतच घातले की पहिल्याच महिन्यात उधारी सुरू होते.

बघायला जाताना

सकाळी जा, उजेडात, आणि मालकाला आधीच फोनवर सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यागेल्या बोनेटला हात लावा. गरम लागलं तर काहीतरी झाकायचंय असं समजा आणि चहा पिऊन, ती गार झाली की परत या. थंड इंजिन पहिल्या स्टार्टला खरं बोलतं. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय, थंडीत थोडी पांढरी वाफ येऊन थांबली तर काळजी नाही.

"सिंगल ओनर, काका फक्त रविवारी सिंहगडावर न्यायचे" हे वाक्य प्रत्येक जण ऐकवतो. काका खरे असतीलही, पण दर रविवारी सिंहगडाचा घाट अर्ध्या क्लचवर चढवला असेल तर क्लचची वाट लागलेली असू शकते, त्यामुळे काकांचा आदर राखून टेस्ट करायचीच.

क्लच आणि गिअर, इथे घाई नको

सपाट मोकळी जागा बघा, पुढे-मागे कोणी उभं नाही ना ते पण बघा. हँडब्रेक पूर्ण ओढा, इंजिन चालू ठेवून तिसरा गिअर टाका, थोडी रेस देत क्लच हळूहळू सोडा, उजवा पाय ब्रेकवर जायला तयार पाहिजे. क्लच चांगला असेल तर गाडी धक्का देऊन लगेच बंद पडते. ती बंद न पडता इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं तर क्लचची प्लेट स्लिप होतेय, म्हणजे झिजून घसरतेय. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर चांगली प्लेट पण जळेल आणि मालक चिडेल ते वेगळंच.

मग पेडल सोडताना गाडी कुठे उचलते ते बघा. अगदी वर, पाय जवळजवळ सुटल्यावर उचलत असेल तर प्लेट शेवटाला आलीय किंवा केबलची सेटिंग बिघडलीय. पेडल दगडासारखं जड लागत असेल तर शिकणाऱ्याने ती गाडी घेऊच नये, मंगळवार पेठेपासून स्वारगेटपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या गुडघ्याचं काय होतं ते कळेल. न्यूट्रलमध्ये कान द्या: क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग, उलट क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर जातो तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. पहिलं परवडतं, दुसऱ्याला हात जोडून निघा.

चालवताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणा, तेही जरा वेगात असताना. कर्रकन वाजलं तर सिंक्रो (गिअर न घासता बसवणारी गिअरबॉक्समधली रिंग) गेलाय. रिव्हर्सला किंचित वाजणं बऱ्याच जुन्या गाड्यांत असतं, पूर्ण थांबून, दोन सेकंद क्लच दाबून मग टाकला तर वाजायला नको. स्वतःला अजून येत नसेल तर चालवता येणारा भाऊ-मित्र घेऊन जा. आणि तळजईच्या चढासारख्या एखाद्या चढावर गाडी थांबवून हँडब्रेक धरतो का ते नक्की बघा, चढावर गाडी उचलायला तुम्ही ह्याच हँडब्रेकच्या भरवशावर शिकणार आहात.

पाण्यात गेलेली गाडी

हे पुण्यात विसरू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं, दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या आणि बुडालेली गाडी पॉलिश करून विकायला कोणाला फार वेळ लागत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, पूर्ण रीळ रिकामं होईपर्यंत. आतल्या भागावर मातीची आडवी रेघ किंवा कडक झालेला पट्टा दिसला की विषय संपला, कारण सीट कव्हर धुतात पण तिथपर्यंत कोणी पोचत नाही. मग डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, सीट ज्यावर सरकते त्या रेलवर गंज बघा, कार्पेट उचलून वास घ्या.

किलोमीटरच्या आकड्यावर जीव टाकू नका. मीटर चाळीस हजार दाखवतोय आणि क्लच पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, असं जमत नाही. टायरवर चार आकडे एका चौकटीत असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे पण टायर सहा-सात वर्षांचा आहे, तर किमतीतून टायरचे पैसे कमी करून मागा.

एवढं जमलं की शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला लिफ्टवर दाखवा. त्याला पाच-सातशे द्यायला कुरकुर करू नका.

कागद

नंबर टाकून एमपरिवहनवर रजिस्ट्रेशनची मुदत, इन्शुरन्स आणि पीयूसी बघा, ई-चलान वेगळं बघा. आरसीवर (रजिस्ट्रेशनच्या कागदावर) बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज, असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आल्याशिवाय टोकनही द्यायचं नाही. चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) आरसीशी स्वतः जुळवा. एमएच १२ (पुणे) किंवा १४ (पिंपरी-चिंचवड) चीच घ्या, परराज्यातली स्वस्त दिसते पण एनओसी, इथला टॅक्स आणि हेलपाटे धरले की स्वस्त राहत नाही. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या सगळीकडे फिरतायत, ते पण डोक्यात असू द्या. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलीय का ते विचारा.

फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे आरटीओचे अर्ज) ह्यांवर सह्या घेऊन तीस दिवसांत गाडी नावावर करायला टाका, इन्शुरन्स चौदा दिवसांत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, एजंट काहीही सांगो. लर्निंग लायसनवर असाल तर पुढे-मागे लाल एल आणि शेजारी पक्कं लायसनवाला माणूस हवाच.

गाडी ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर (गाडी दिली-घेतली असं लिहिलेल्या कागदावर) तारखेबरोबर वेळही लिहून दोघांच्या सह्या करा, कारण मालकाने त्याच दिवशी सकाळी अलका चौकात सिग्नल तोडला असेल तर चलान गाडीच्या नंबरवर येतं, आणि ते भरायचं कोणी ह्यावर मग भांडत बसावं लागतं.