हॉरर शॉर्टफिल्म एडिट करताय? या चुका टाळा

कॉलेजच्या फिल्म स्पर्धा जवळ आल्या की पोरं हार्डडिस्क घेऊन हजर. वाक्य ठरलेलं : "सर, जरा डार्क आलंय, एडिटमध्ये उचलून द्या ना." अरे, उचलायला फुटेजमध्ये काही असायला नको?

एका ग्रुपने जुन्या वाड्याच्या माजघरात, रात्री, फक्त एका मेणबत्तीवर अख्खा सीन काढला होता. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड वाढवून घ्यायची सेटिंग) ६४००. एक्सपोजर वर नेलं तर भिंतभर नॉइजच्या मुंग्या, आणि ज्योतीभोवती एकात एक रिंगणं. ८ बिट फुटेजमध्ये प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या. अंधाराच्या वाट्याला त्यातल्या मोजक्या येतात, त्या ताणल्या की पट्टे पडणारच. मुंग्या पुसायला डीनॉइज लावलं तर नायिकेचा चेहरा मेणाचा झाला. मुकाट्याने रीशूट केलं. खिडकीबाहेर एलईडी पॅनल, त्यापुढे पांढरी चादर, आयएसओ ८००. सगळं स्वच्छ दिसेल इतक्या उजेडात शूट करून घेतलं आणि एडिटमध्ये खाली ओढलं. कोपऱ्यातल्या तांब्याच्या हंड्याची कड तेवढी चमकती ठेवली. ती कड होती म्हणून बाकीचा काळोख खोल वाटला. नुसता काळा पडदा बघून कुणी घाबरत नाही, लोक मोबाइल काढतात.

दुसरा माझा डोकेदुखीचा विषय म्हणजे वॉर्प स्टॅबिलायझर, हलता शॉट स्थिर करणारा एडिटमधला इफेक्ट. शॉट हलला की टाक, आणि ५० टक्के स्मूथनेस आहे तसाच ठेव! मग बोळातून पळणाऱ्या मुलीमागच्या भिंती जेलीसारख्या डुलतात, क्रॉपमध्ये, म्हणजे फ्रेमच्या कडा कापल्या जातात त्यात, कपाळ जातं. शिवाय कमी उजेडात शटर हळू (जास्त वेळ उघडं) ठेवलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक धक्क्याचा ब्लर फ्रेममध्ये भाजलेला असतो. स्टॅबिलायझर फ्रेम जागेवर आणतो, ब्लर तसाच राहतो. स्थिर चौकटीत दिवा मधूनच फरफटल्यासारखा दिसतो. मी स्मूथनेस ५ ते १० वर आणतो, मेथड 'पोझिशन' करतो, तरी जमलं नाही तर शॉट हलता ठेवतो. पळणाऱ्या माणसाचा कॅमेरा हलला तर बिघडलं कुठे? पण बंद दार नुसतं दिसतंय, असा शॉट हातात धरून काढू नका. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर उशी ठेवा. आणि ४केमध्ये शूट करून १०८०च्या टाइमलाइनवर आणा, क्रॉपला जागा मिळते.

ट्यूबलाइट लपलप करते? आपली वीज ५० हर्ट्झची, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. एडिटमधले डीफ्लिकर हे शेवटचे उपाय.

व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून असलेली सेटिंग) ऑटोवर नको, शॉटगणिक रंग बदलतो आणि कट जुळवताना जीव जातो.

सगळीकडे निळा फिल्टर मारला की रात्र होत नाही.

रंग बघताना लॅपटॉपचा ब्राइटनेस मधोमध ठेवा, आणि डोळ्यांपेक्षा वेव्हफॉर्मवर, म्हणजे फ्रेममधल्या उजेडाच्या आलेखावर, विश्वास ठेवा. कॉलेजच्या हॉलमध्ये पडदे पूर्ण लागत नाहीत, प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो. म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिथेच दोन मिनिटं चालवून बघा. चेहरे हरवत असतील तर मिडटोन (ना फार उजळ, ना फार काळे भाग) थोडे वर घेऊन वेगळी एक्सपोर्ट काढा.